‘थेट व्हिडिओ उत्तरार्ध’ : एका शंकेचे उत्तर

एका वाचकाने विचारले आहे की, चित्रपटगृहात न लागता परस्पर व्हिडिओवर आलेल्या भुतांच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाला ‘थेट व्हिडिओ अलौकिक उत्तरार्ध’ म्हणता येईल काय. त्यांच्यासमोर ताकाशी शिमिझू यांचा २००० सालचा जपानी ‘जुऑन २’ आहे. माझ्या मते या चारही शब्दांना मराठीत वेगळ्या सवयी लागलेल्या आहेत, आणि सर्वांत मोठा घोटाळा ‘थेट’चा आहे.

‘थेट’ म्हणजे मध्ये कुठे न थांबता. कोल्हापूरची थेट पाइपलाइन घ्या किंवा शेतकऱ्याची थेट विक्री घ्या, अर्थ तोच राहतो. मात्र ‘थेट प्रक्षेपण’ रुळल्यापासून प्रक्षेपणाच्या शेजारी बसलेला ‘थेट’ ‘घडत असतानाच दिसणारे’ असा अर्थ घेऊन येतो, त्यामुळे ‘थेट व्हिडिओ’ वाचणाऱ्याला कुणीतरी आत्ता कॅमेऱ्यासमोर बोलत आहे असेच वाटेल. उपाय एका प्रत्ययाचा आहे. ‘थेट व्हिडिओवर आलेला’ असे लिहिले, की ‘वर’मुळे ‘थेट’ क्रियापदाकडे वळतो आणि संशय उरत नाही. समास करण्याच्या हौसेत आपण विभक्ती गाळतो आणि नेमका अर्थ तिच्याबरोबर निघून जातो.

प्रश्नकर्त्याने स्वतः सहज वापरलेला ‘परस्पर’ मला अधिक बोलका वाटतो, पण त्यात तक्रारीचा सूर आहे. ज्याला विचारायला हवे होते त्याला वगळून केलेले काम परस्पर होते. या मालिकेच्या अमेरिकी अवताराला तो शोभतो. ‘द ग्रज’ २००४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग २००६ मध्ये चित्रपटगृहांत लागला, तिसरा मात्र २००९ मध्ये परस्पर डीव्हीडीवर गेला, म्हणजे एक पायरी उतरला. जपानमध्ये गोष्ट उलटी घडली. तेथे तोएई कंपनीने १९८९ पासून व्हिडिओसाठीच काढलेल्या चित्रपटांना ‘व्ही-सिनेमा’ असे नाव दिले होते, ‘जुऑन’चे पहिले दोन भाग त्याच वाटेने आले आणि मालिका चित्रपटगृहात नंतर पोहोचली. म्हणून ‘जुऑन २’साठी ‘थेट’च योग्य आहे.

‘उत्तरार्ध’ शब्दात ‘अर्ध’ आहे, हे आपण विसरतो. एकाच कृतीचे दोन तुकडे असतील तर पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. पूर्ण झालेल्या कथेनंतरची कथा ही उत्तरकथा. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तला ‘उत्तर’ही नंतरच्या चरित्राचा आहे, अर्ध्याचा नाही. ‘जुऑन २’ येथे थोडी पंचाईत करतो हे मान्य, कारण त्याच्या आरंभीचा बराच वेळ पहिल्या भागातल्याच प्रसंगांना दिलेला आहे. तरीही मी साधे ‘दुसरा भाग’ लिहीन.

‘अलौकिक’ आपण सौंदर्याला आणि प्रतिभेला देत आलो आहोत; नवऱ्याच्या हातून मेलेली आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागणारी ‘जुऑन’मधली भूत कायाको अलौकिक म्हटली तर ते कौतुक वाटेल. ‘अमानुष’ क्रौर्याकडे जातो. ‘भूतपट’ हा शब्द काहींना हलका वाटतो, मला तो नेमका वाटतो, कारण ‘भयपटा’त चाकू घेऊन फिरणारा जिवंत खुनीही मावतो. जाता जाता, ‘जुऑन’ हे नाव ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचे अर्थ शाप आणि आकस असे आहेत; आपल्याकडे नाग डूख धरतो, त्या ‘डूख’ला यातले दुसरे चिन्ह फार जवळचे आहे.

राहिले क्रियापद. ‘प्रदर्शित झाला’ म्हटले की डोळ्यांपुढे चित्रपटगृह येते, म्हणून ते येथे टाळावे. सिनेमा थिएटरला ‘लागतो’, व्हिडिओवर ‘येतो’. तेव्हा वाक्य असे करता येईल : ‘जुऑन’ या जपानी भूतपटाचा दुसरा भाग २००० साली थेट व्हिडिओवर आला.