वाचक विचारतात : सात गुण आणि रात्रपाळी

प्रश्न : माझा मुलगा २०१८ मध्ये किर्गिझस्तानला वैद्यकीय शिक्षणासाठी गेला आणि २०२४ मध्ये पदवी घेऊन परतला. येथील पात्रता परीक्षेत, म्हणजे एफएमजीईत, त्याला आधी १३८ आणि नंतर १४३ गुण मिळाले. आता तो पुस्तक उघडतच नाही. ओळखीचे एक डॉक्टर त्यांच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला बोलावत आहेत. ‘हातही बसेल, चार पैसेही मिळतील’ असे म्हणतात. पाठवावे का? की एफएमजीईच्या जागी येणार असलेली नेक्स्ट परीक्षा लागू होईपर्यंत थांबावे? धाकटी मुलगीही परदेशातच शिकायचे म्हणते.
— एक आई, ऐरोली

उत्तर : रात्रपाळीला मुळीच पाठवू नका. वैद्यक परिषदेची नोंदणी नसताना रुग्ण तपासणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रात्री दोन वाजता छातीत दुखणारा रुग्ण आला आणि केसपेपरवर औषध तुमच्या मुलाच्या अक्षरात लिहिले गेले, तर बोलावणारे डॉक्टर त्या वेळी घरी झोपलेले असतील. एखाद्या परिचित डॉक्टरांनी त्यांच्या ओपीडीत नुसते पाहण्यासाठी बसू दिले, तर मात्र अवश्य बसावे.

आता गुणांविषयी. ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण आणि चुकीच्या उत्तराला गुणवजावट नाही, असे या परीक्षेचे स्वरूप आहे. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे परवडणारे नाही. तुमचा मुलगा सात गुणांनी मागे राहिला, आणि हे सात गुण बहुधा त्या सहा वर्षांत त्याच्यासमोर कधी आलेच नाहीत अशा भागात दडलेले आहेत. सामाजिक वैद्यकशास्त्राला या परीक्षेत ३० गुण असतात, अस्थिरोगाला मात्र केवळ पाच. क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना द्यायची पेंटाव्हॅलंट लस, कुत्रा चावल्यावर जखमेच्या प्रतवारीनुसार करायचे उपचार हे किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकच्या वर्गात कोण शिकवणार? नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आणि घोणस व फुरसे यांचे प्रामुख्याने रक्त गोठण्यावर परिणाम करते, हे आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेलाही पाठ असते. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईच्या वॉर्डांत लेप्टो या तापाचे रुग्ण दिसतात, तसे ते मुलाने तिथे पाहिले नसतील. शिवाय तिथल्या रुग्णांची भाषा रशियन किंवा किर्गिझ असते. अनेक विद्यार्थ्यांना रुग्णाची हकिगत दुभाष्यामार्फत किंवा सहाध्याय्याच्या खांद्यावरून ऐकावी लागते, आणि रुग्णाचे वर्णन देऊन विचारलेल्या प्रश्नांत ती उणीव हमखास उघडी पडते.

म्हणून सगळे एकोणीस विषय पुन्हा पहिल्या पानापासून वाचण्याचा अट्टहास सोडावा. दर आठवड्याला १५० प्रश्नांचा एक संच १५० मिनिटांत सोडवावा आणि चुकलेले प्रश्न विषयवार वहीत उतरवावेत. महिन्याभरात ती वहीच सांगेल की गळती कुठे आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि प्रयत्नांवर मर्यादा नाही. प्रत्येक खेपेस बहुसंख्य उमेदवार अनुत्तीर्ण होतात, हेही त्याला सांगा. नातेवाइकांना सांगितले नाही तरी चालेल.

नेक्स्टची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे, परंतु ती अद्याप लागू झालेली नाही. तिच्यासाठी थांबणे म्हणजे हातची संधी दवडणे. एफएमजीई उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप आणि त्यानंतर कायम नोंदणी, असा क्रम आहे.

मुलीबाबत नियम अधिक कडक आहेत. नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार इंग्रजी माध्यमातील किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात स्वतः व्यवसाय करण्यास पात्र ठरवणारी नोंदणी आवश्यक आहे. शिवाय नीट उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. एजंटाने ‘सगळे होऊन जाईल’ असे सांगितले, तर यातील प्रत्येक गोष्ट महाविद्यालयाकडून लेखी मागवा आणि ती हाती येईपर्यंत शुल्काचा पहिला हप्ताही भरू नका.