ठोक्यांच्या गोळ्या आणि शनिवारचे दोन पेग

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून औषधे घेणाऱ्या वाचकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची मद्यपानाविषयीची काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेक घरांत असणार, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे आहे. गेल्या वर्षी छातीत एकाएकी धडधड सुरू झाली, तेव्हा ईसीजीमध्ये ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असल्याचे निदान झाले. तेव्हापासून सकाळी ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल आणि सकाळ-संध्याकाळ रक्त पातळ करणारी अपिक्साबॅन अशा गोळ्या चालू आहेत. मी रोज पिणारा नाही. मात्र शनिवारी मित्रांबरोबर व्हिस्कीचे दोन पेग होतात. गोळी आणि दारू पोटात एकत्र येऊ नयेत म्हणून त्या संध्याकाळची गोळी मी घेत नाही. डॉक्टरांनी ‘जपून’ एवढेच सांगितले आहे. पुढच्या महिन्यात पुतण्याचे लग्न आहे. या औषधांबरोबर किती घेतलेली चालेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही जे विचारले आहे त्याआधी, जे सहज लिहून गेला आहात त्याबद्दल बोलणे मला अधिक गरजेचे वाटते. शनिवारची गोळी चुकवणे कृपा करून आजपासून बंद करा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला जोडलेल्या लहान पिशवीत रक्त साचून त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. या विकारात अशा झटक्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो आणि तो कमी ठेवण्याचे काम अपिक्साबॅन करते. या औषधाचे रक्तातील प्रमाण साधारण बारा तासांत निम्म्यावर येते, म्हणून तर ते दिवसातून दोन वेळा दिले जाते. शनिवारी सकाळची गोळी घेतल्यावर पुढची थेट रविवारी सकाळी घेतली, तर ज्या रात्री मद्यामुळे ठोके बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमक्या त्याच रात्री तुमचे संरक्षण सर्वांत कमी असते. रुग्णांच्या ज्या सवयींची मला मनापासून काळजी वाटते, त्यांत ही पहिली आहे, कारण ती सावधगिरीच्या भावनेतून येते आणि नेमके उलटे काम करते. दारू टाळता आली नाही तरी गोळी टाळायची नाही. चुकून राहिलीच तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

आता ‘किती चालेल’ याविषयी. तुमच्या प्रश्नामागे असे गृहीत दिसते की दारू आणि गोळी यांची गाठ पडली नाही की सारे ठीक. तसे नाही, कारण मद्य हे स्वतःच ठोके बिघडवणारे द्रव्य आहे. १९७८ साली अमेरिकेत फिलिप एटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसांत भरपूर पिऊन ठोके बिघडलेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि वैद्यकात तो प्रकार ‘हॉलिडे हार्ट’ या नावाने रूढ झाला. मद्यामुळे वरच्या कप्प्यांतील विद्युतप्रवाहाचे गुणधर्म बदलतात, हृदयाला आवर घालणाऱ्या आणि चेतवणाऱ्या मज्जासंस्थांचा तोल जातो, लघवी जास्त होऊन शरीरातील पाणी व क्षार घटतात, झोप मोडते आणि घोरण्याचा विकार असेल तर रात्री श्वास अडण्याचे प्रमाण वाढते. यांतली प्रत्येक गोष्ट ठोके बिघडण्यास पोषक आहे.

याचे पुरावेही आता चांगले आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असा विकार अधूनमधून होणाऱ्या १०० रुग्णांच्या छातीवर सतत ईसीजी टिपणारे यंत्र बसवले होते आणि घोट्याला मद्याचा अंश मोजणारे दुसरे. एका पेयानंतरच्या चार तासांत ठोके बिघडण्याची शक्यता सुमारे दुप्पट, तर दोन किंवा अधिक पेयांनंतर तिपटीहून अधिक झालेली आढळली. त्याआधी, २०२० साली, ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी आठवड्याला दहा किंवा अधिक पेये घेणाऱ्या १४० रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटाला मद्य सोडण्यास सांगितले. सहा महिन्यांत नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना पुन्हा त्रास झाला, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्के रुग्णांना. तुम्ही त्यांच्यापेक्षा बरेच कमी घेता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू करणे योग्य होणार नाही. परंतु मद्य कमी केल्याने हा विकार आटोक्यात राहायला मदत होते, एवढे त्यातून नक्की कळते. कोणत्याही गोळीचा डोस न वाढवता मिळणारा हा फायदा आहे.

‘थोडी घेतलेली हृदयाला चांगली’ हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. दारूबंदी कायद्याखाली मिळणाऱ्या महाराष्ट्रातील मद्यपरवान्यातही आरोग्य टिकवण्याचा उल्लेख असतो, त्यामुळे या समजाला आधार मिळाल्यासारखे वाटते. अनियमित ठोक्यांच्या बाबतीत तो आधार घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच म्हटले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही.

तुमच्या औषधांपुरते सांगायचे तर अपिक्साबॅन आणि मद्य यांचा एकमेकांशी थेट मोठा संघर्ष नाही. धोका रक्तस्रावाचा आहे. मद्याने जठराच्या अस्तराचा दाह होतो, रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावते आणि तोल जाऊन पडण्याची शक्यता वाढते. त्यात दुसऱ्या दिवशी डोके दुखते म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेतली, तर जठरातून रक्तस्राव होण्याची भीती आणखी वाढते. मेटोप्रोलॉलने रक्तदाब आधीच कमी राहतो, मद्याने तो आणखी उतरतो आणि रात्री लघवीसाठी झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याचे डोके आपटले, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच रात्री रुग्णालयात जावे.

पेगचा हिशेबही एकदा नीट करून पाहा. आपल्याकडील व्हिस्की, रम किंवा फेणीत बहुधा ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम आणि मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम. तुमचे दोन पेग मोठे असतील तर एका बैठकीत ४० ग्रॅम झाले. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत या रुग्णांना संपूर्ण आठवड्यासाठी ३० ग्रॅमपर्यंतचीच मर्यादा सुचवली आहे. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४० ग्रॅमहून अधिक मद्यार्क जातो, आणि व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये (१८० मिलिलिटर) सुमारे ६० ग्रॅम.

माझे मत विचाराल तर सोडणे हेच उत्तम, आणि आठवड्यातून एकदाच घेणाऱ्याला ते तुलनेने सोपेही आहे. ते मनाला पटत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना नेमका आकडा सांगा. ‘कधीतरी घेतो’ या उत्तरावर त्यांनाही ‘जपून’ याहून अधिक काही सांगता येत नाही. मात्र ठरलेल्या मर्यादेतले सगळे एकाच बैठकीत संपवायचे नाही, रिकाम्या पोटी घ्यायचे नाही आणि एका लहान पेगाच्या पुढे जायचे नाही. लग्नघरात जागरण, ऊन, कमी झालेले पाणी आणि उशिराचे भरपेट जेवण हे सारे आधीच हजर असते, त्यामुळे निदान त्या दोन दिवसांत तरी पेग नको. त्या गर्दीत गोळ्यांच्या वेळा एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा. घरच्यांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवा : तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलता येईना किंवा शब्द अडखळू लागले, तर ‘आज जास्त झाली’ असे समजून झोपवून ठेवू नये, लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. विष्ठा डांबरासारखी काळी होणे, लघवीतून रक्त जाणे, घोळणा फुटून रक्त न थांबणे, छातीत दुखणे किंवा भोवळ येऊन पडणे, यांपैकी काही झाले तरी सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असून ठोकेही अनियमित आहेत. त्यांना रक्त पातळ करण्यासाठी जुनीच गोळी, ॲसिनोकुमारॉल, चालू आहे. त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) कधी १.६ तर कधी ४ येतो. ते महिन्यातून दोन-तीन वेळा बरीच घेतात. याचा संबंध असेल का?
— एक वाचक, वसई

उत्तर : असू शकतो. ॲसिनोकुमारॉल आणि वॉरफेरिन ही औषधे यकृतात मोडली जातात. एकाच वेळी पुष्कळ मद्य घेतले की यकृत त्यात गुंतते, औषध रक्तात जास्त वेळ राहते आणि आयएनआर चढतो; उलट रोज भरपूर पिणाऱ्याच्या यकृतातील विकरे (एन्झाइम) वाढून औषध लवकर मोडते आणि आयएनआर खाली येतो. त्यात पिण्याच्या दिवशी जेवण आणि गोळी दोन्ही चुकत असतील, तर आकडा स्थिर राहणे कठीणच. धातूची झडप बसवलेल्या रुग्णांना अपिक्साबॅन, डॅबिगाट्रान यांसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे औषध बदलून यातून सुटका होईल अशी आशा धरू नये. आयएनआर तपासायला जाताना मागच्या आठवड्यात काय व किती घेतले, किती गोळ्या राहिल्या आणि कोणती नवी औषधे सुरू झाली, हे खरेखुरे सांगावे. पालेभाज्यांचे प्रमाणही एकसारखे ठेवावे. आपल्या मनाने गोळी अर्धी किंवा दीड करू नये.

याच संदर्भात इतर औषधे घेणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. व्हेरापामिलमुळे रक्तातील मद्याचे प्रमाण वाढते आणि ते जास्त वेळ राहते, त्यामुळे नेहमीइतक्याच पेगची नशा अधिक होते. डिगॉक्सिन किंवा सोटॅलॉल घेणाऱ्याला उलट्या, जुलाब अथवा मद्यामुळे पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी झाले, तर ठोक्यांचा दुसराच, अधिक घातक बिघाड होऊ शकतो.

प्रश्न : माझे पती ५४ वर्षांचे आहेत आणि रोज रात्री एक क्वार्टर पितात. ठोक्यांसाठी त्यांना अमिओडॅरोन चालू आहे. सांगून थकले. ‘न कळत दारू सोडवा’ अशी भिंतीवरची जाहिरात पाहून एक पावडर मागवली आहे. भाजीतून दिली तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, ती पावडर देऊ नका. तुमची अगतिकता मला समजते, पण यात त्यांच्या जिवाला धोका आहे. अशा पुड्यांत काय असते हे अनेकदा कळतच नाही. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे एक औषध खरोखर वापरले जाते. ते पोटात असताना दारू प्यायल्यास शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, नाडी भरधाव सुटते आणि रक्तदाब कोसळतो. निरोगी हृदयालाही हे जड जाते, मग ज्याचे ठोके आधीच बिघडलेले आहेत त्याची गोष्टच वेगळी. ते औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते. शिवाय अमिओडॅरोनमुळे यकृत आणि थायरॉइड यांना इजा होऊ शकते म्हणून त्यांच्या तपासण्या नियमाने कराव्या लागतात. मद्य यकृतावर आधीच ताण देत असताना त्यात अनोळखी पावडर नको.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट : रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. काही तासांतच हात थरथरणे, घाम, घबराट सुरू होऊ शकते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. त्या काळात ठोकेही बिघडतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांना एकमेकांची माहिती देऊन, शक्यतो दाखल करून, ही सोडवणूक व्हावी. पुण्यातील मुक्तांगण हे १९८६ पासून काम करणारे केंद्र आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मानसोपचार विभागांतही उपचार होतात. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतक्रमांक निःशुल्क आहे आणि पती तयार नसले तरी तिथे तुम्ही स्वतः बोलू शकता. त्यांच्याशी बोलायचे ते सकाळी, शुद्धीत असताना, आणि दारूपेक्षा ठोक्यांबद्दल बोलून पाहा. ‘तुमचे ठोके सुधारायचे असतील तर डॉक्टरांना एक गोष्ट खरी सांगायला हवी’ असे म्हटल्यावर अनेक जण तपासणीला येतात, आणि पुढचे बोलणे मग डॉक्टर करतात.

प्रश्न : मी दारूला कधी शिवलेही नाही. ठोक्यांच्या गोळ्या चालू आहेत आणि बहिणीच्या सांगण्यावरून अर्जुनारिष्ट घेते. त्याच्या बाटलीवर मद्यार्काचा उल्लेख दिसला. बंद करू का?
— एक वाचक भगिनी, मडगाव

उत्तर : आसवे आणि अरिष्टे आंबवून बनवली जातात, त्यामुळे त्यांत साधारण पाच ते दहा टक्के मद्यार्क आपोआप तयार होतो. ३० मिलिलिटरच्या मात्रेत तो फार तर दोन-अडीच ग्रॅम भरतो. एवढ्याने ठोके बिघडले असतील असे मला वाटत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण अर्जुनाच्या सालीचा परिणाम रक्तदाबावरही होऊ शकतो, म्हणून पुढच्या भेटीला ती बाटली बरोबर न्या आणि गोळ्यांच्या यादीत तिचे नाव लिहून घ्या. यकृताचा आजार असेल किंवा डायसल्फिराम अथवा मेट्रोनिडाझोल (एक प्रतिजैविक) चालू असेल, तर मात्र भेटीची वाट न पाहता अर्जुनारिष्ट थांबवा.