पॅनेलचे घर विदर्भाच्या उन्हात तापेल का?

प्रश्न : वर्ध्याजवळच्या आमच्या प्लॉटवर कारखान्यात तयार होणाऱ्या पॅनेलचे घर बांधण्याचा विचार आहे, परंतु ‘पत्र्याच्या डब्यात राहायचे का?’ असे घरचे विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर पत्र्यात नसून दोन पत्र्यांमधल्या भरावात आहे. पॉलियुरेथेन फोमचे ५० मिलिमीटर जाडीचे पॅनेल उष्णता अडवण्याच्या बाबतीत एक मीटरहून जाड विटांच्या भिंतीइतके ठरते. मात्र वीट दिवसाची उष्णता स्वतःत साठवून रात्री उशिरा सोडते, तो गुण या हलक्या पॅनेलमध्ये नसल्यामुळे खिडकीतून ऊन आत शिरले की खोली झटकन तापते. म्हणून पश्चिमेला खिडकी शक्यतो ठेवूच नये, ठेवलीच तर बाहेरून वाळ्याची ताटी बांधावी. छतावर सर्वाधिक ऊन पडते, तेव्हा तिथले पॅनेल भिंतीपेक्षा जाड घ्यावे. जमिनीवर शहाबादी फरशी अवश्य घाला.

खरी कसोटी सांध्यांची असते. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एखाद्या कडक दुपारी आतून भिंतीवर तळहात फिरवून पाहा. सांध्याची रेघ शेजारच्या पॅनेलपेक्षा गरम लागली, तर तिथे भराव अपुरा आहे, आणि तो कंत्राटदाराकडून भरून घेतलाच पाहिजे. फोम पेट घेतो, हेही मनावर घ्यावे. स्वयंपाकघराच्या भिंतींसाठी मी रॉकवुलच्या, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या न जळणाऱ्या तंतूंचा भराव असलेल्या पॅनेलचाच आग्रह धरेन.