माळकऱ्याचंच लिव्हर का?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ४२ वर्षांचे, माळकरी. मार्चमध्ये पोटात पाणी झालं तेव्हा हिपॅटायटिस बी आणि सिरॉसिस निघालं. मग दीर आणि सासूबाईंनाही बी असल्याचं कळलं. दीर रोज पितात, तरी त्यांचे रिपोर्ट नॉर्मल! मावससासूबाई म्हणतात, "हाच चोरून पीत असणार." सासूबाई 'माझ्याच पोटाचा दोष' म्हणून रडतात आणि यांचा ताट-तांब्या वेगळा ठेवतात.

उत्तर : तो तांब्या आधी सगळ्यांच्या भांड्यांत परत जाऊ दे. बी ताटातून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला बाळंतपणात जातो. दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं.

आता 'चोरून पिण्या'चं. हा विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशी फारशा मारत नाही. मारते ती आपलीच प्रतिकारशक्ती, विषाणू शिरलेली पेशी हुडकून. बाळपणीच घरात शिरलेल्या या पाहुण्याला शरीर कित्येक वर्षं काही म्हणत नाही. मग कधीतरी जाग येते आणि जुंपते. एखाद्याचं भांडण लवकर मिटतं, विषाणू दबून बसतो. एखाद्याचं वर्षानुवर्षं धुमसतं, लिव्हरवर व्रणावर व्रण पडतात. तोच सिरॉसिस. यात जनुकांचाही हात असतो. विषाणूचे तुकडे प्रतिकारशक्तीला दाखवणारे एचएलए नावाचे रेणू माणसागणिक वेगळे, आणि सख्ख्या भावांत ते पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. माळ घातली की नाही, हे ते विचारत नाहीत.

काळजी मला खरी दिरांची वाटते. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे नेमका कोणता? व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, ते) आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय, ते) झालंय का? बी अंगात असताना रोजची दारू हा शुद्ध आगाऊपणा आहे.

सासूबाईंना सांग, जन्मावेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत बी कायमचा मुक्काम करतो. बीची लस सरकारी लसीकरणात देशभर आली २०११ मध्ये. त्यांच्या बाळंतपणात हे त्यांना कोण सांगणार होतं?

मिस्टरांची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आजार उसळतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. तू आणि मुलं एचबीएसएजी (बी अंगात आहे का, हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, निगेटिव्ह आलात तर लस.

आणि मावससासूबाई सासूबाईंच्या सख्ख्या बहीण ना? एकाच आईच्या लेकी. पुढच्या वेळी त्या 'चोरून' म्हणाल्या की त्यांनाही तपासणीला घेऊन जा.