बीडिंग बदलण्याआधी पावडरचा डबा हातात घ्या

तुम्ही लिहिलंय की गाडी तीन वर्षांची आहे, गतिरोधकावरून जरा तिरकी गेली की डाव्या बाजूला मागे कुठेतरी ‘कुईं-कुईं’ होतं, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये चारही दारांची बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेने बसवलेलं रबर, बदलायला सांगितलंय. बदलू का, असा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: आत्ता नका बदलू. तीन वर्षांत रबर म्हातारं होत नाही. फाटलं नसेल, चपटं होऊन बसलं नसेल, तर ते फक्त मळलंय आणि कोरडं पडलंय. नवी बीडिंग घातली तरी एक-दोन उन्हाळ्यांनी तोच आवाज परत येईल, कारण आवाजाचं कारण तसंच राहिलेलं असेल.

हा आवाज येतो कसा ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. गाडीचा सांगाडा म्हणजे पत्र्याची पेटी. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर असलं की ही पेटी किंचित पिळली जाते. दार मात्र बिजागऱ्या आणि लॉक अशा मोजक्या जागीच धरलेलं असतं, ते पेटीबरोबर तंतोतंत पिळत नाही. त्या केसभर फरकात बीडिंग समोरच्या रंगवलेल्या पत्र्यावर सरकते. रबर कोरडं असेल तर ते एकसारखं सरकत नाही. आधी चिकटून ताणलं जातं, मग सुटतं, पुन्हा चिकटतं. सेकंदाला शेकडो वेळा हे झालं की कानाला ‘कुईं’ ऐकू येतं. घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या ताटावर बोट दाबून फिरवलं की जे होतं, तेच. कारखान्यातून येताना बऱ्याच बीडिंगवर सरकपणा देणारा पातळ लेप असतो. धूळ आणि रोजची उघडझाप यांनी तो हळूहळू निघून जातो.

आमच्याकडे रत्नागिरीत हे ऋतूप्रमाणे चालतं. एप्रिल-मे महिन्यात जांभ्याची लाल धूळ बीडिंगच्या घडीत जाऊन बसते, आणि परशुराम घाटात वळणावळणाला गाडी कुरकुरते. मृगाचा पाऊस पडला की आवाज गायब, कारण ओलं रबर चिकटत नाही. तुमच्याकडेही गाडी धुतल्यावर तासभर आवाज बंद राहतो का, ते बघा. राहत असेल तर निम्मं निदान तिथेच झालं.

आता कोणतं दार, ते शोधायचं. इथे घाई करू नका, बंद गाडीत कान फार फसवतो. डाव्या मागच्या दाराचा वाटणारा आवाज प्रत्यक्षात डिकीच्या बीडिंगचा निघालेला मी स्वतः पाहिलाय. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, एसीचा पंखा आणि गाणी बंद करा, आणि एकच गतिरोधक ठरवून त्याच वेगाने, त्याच तिरकेपणाने दोन-तीन वेळा पार करा. मग घरातली टाल्कम पावडर घ्या. संशय असलेल्या एकाच दाराच्या बीडिंगला सगळीकडून बोटाने पातळ पावडर चोळा आणि पुन्हा त्याच गतिरोधकावर जा. आवाज थांबला तर दार सापडलं. नाही थांबला तर पुढचं दार, मग डिकी. पावडर हा कायमचा उपाय नाही, पहिल्याच पाण्यात ती वाहून जाते. पण निदानासाठी एवढी स्वस्त आणि निर्धोक वस्तू मला दुसरी माहीत नाही.

पावडर लावूनही फरक पडला नाही तर लॉक तपासा. दार ज्या लोखंडी कडीत अडकतं, तिच्यावर इन्सुलेशन टेपचे एक-दोन वेढे द्या आणि चालवून बघा. शांत झालं तर दोष रबराचा नव्हताच, लॉकची कडी घासत होती. काच अर्धी खाली केल्यावर आवाज बदलत असेल, तर तो काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली होते तिचा. आणि सीटबेल्टचं रिकामं बक्कल मधल्या खांबाच्या प्लास्टिकवर घासूनही अगदी असाच आवाज निघतो, तेव्हा मागचे पट्टे हाताने धरून एकदा ऐका.

दार सापडलं की ते पूर्ण उघडून उजेडात बघा. जिथे घासतं तिथे रबरावर चकचकीत पट्टा पडलेला असतो, आणि समोरच्या पत्र्यावर त्याच उंचीला मळकट रेघ. बहुतेक वेळा हे वरच्या कोपऱ्यात किंवा मधल्या खांबापाशी सापडतं.

त्या मळकट रेघेकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, म्हणून मुद्दाम सांगतो: रबराइतकाच समोरचा पत्राही स्वच्छ हवा. आवाज दोघांमध्ये होतो. कोमट पाण्यात गाडीच्या शाम्पूचे थोडे थेंब घाला, मऊ फडकं पिळून बीडिंग पुसून काढा, घडीत जुना टूथब्रश हलक्या हाताने फिरवा. पहिलं फडकं काळं-लाल होईल. पाणी बदलून फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. मग पत्र्यावरची ती रेघ. तिथे पॉलिशचे पांढरे अंश वाळून बसलेले असतील तर तेही काढा. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांतलं काहीही वापरू नका. शेवटी साध्या पाण्याचं फडकं, आणि सावलीत दारं उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या. आतला दिवा तेवढा बंद करा, नाहीतर बॅटरी उतरेल. पोकळ बीडिंगला मध्ये मध्ये बारीक भोकं असतात. दार लावताना आतली हवा तिथून बाहेर जाते, म्हणून ती बुजली असतील तर मोकळी करा.

अनेकदा एवढ्यावरच आवाज जातो. नाही गेला तर सिलिकॉन लावायचं. दोन प्रकार मिळतात, स्प्रे आणि ग्रीस. स्प्रे लावायला सोपा, पण त्याचा थर पातळ असतो आणि लवकर पुसला जातो. मी शुद्ध सिलिकॉन ग्रीस वापरतो, ज्याला डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणतात तेही चालतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं ग्रीस एका दाराला पुरतं. बोटांवर घेऊन बीडिंगवर चोळत जा, दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने जास्तीचं सगळं पुसून घ्या. हात लावल्यावर बोट गुळगुळीत लागावं, पण तेलकट डाग पडू नये, इतकाच थर हवा. जाड थर ठेवला तर धूळ चिकटेल आणि तुम्ही पुन्हा जिथे होता तिथे याल. माझा नेम असा की एकदा मे संपताना आणि एकदा दिवाळीनंतर. स्प्रेच वापरणार असाल तर आधी फडक्यावर मारा, थेट दारावर नको. पुढच्या काचेवर उडाला तर पावसात वायपर रेघोट्या ओढेल. पायऱ्या, पेडल आणि स्टिअरिंगवर पडला तर हातपाय घसरतील, आणि ब्रेकच्या डिस्कवर तर एक थेंबही जाता कामा नये. गाडी लवकरच पेंटिंगला जाणार असेल तर सिलिकॉन लावू नका, किंवा पेंटरला आधी सांगा. सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग धरत नाही, गोल गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला ‘फिश आय’ म्हणतात.

आता काय लावायचं नाही, हे मी नुकसान सोसून शिकलोय. २०१६ साली माझ्या आधीच्या हॅचबॅकला असाच आवाज होता. एका गॅरेजमध्ये मेकॅनिकने बेअरिंगला लावतात ते ग्रीस चारही बीडिंगना भरपूर चोपडलं. आवाज त्याच क्षणी बंद झाला आणि मला फार बरं वाटलं. दोन-तीन महिन्यांत रबर फुगून मऊ पडलं, लाटांसारखं वरखाली झालं आणि वरच्या कोपऱ्यातून पट्टीवरून निसटायला लागलं. पावसाळ्यात तिथूनच पाणी आत आलं, आणि शेवटी चारही बीडिंग बदलाव्या लागल्या.

याचं कारण रबराच्या जातीत आहे. दारांची बीडिंग बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराची असते. ऊन, ओझोन, पाऊस, वाफ हे रबर वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल त्याला सोसत नाही. ते तेल पितं आणि फुगतं. म्हणून साधं ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली, डिझेलचं फडकं, सगळं बाद. निळ्या-पिवळ्या डब्यातला नेहमीचा डब्ल्यूडी-४० सुद्धा या कामाचा नाही. तो १९५३ साली धातूवरचं पाणी हटवण्यासाठी तयार झाला, आणि त्यात पेट्रोलियमचाच अंश आहे. त्याच नावाने वेगळा सिलिकॉनचा डबा येतो, तो चालतो. घेताना लेबल नीट वाचा. खोबरेल तेल लावा असं बरेच जण सांगतील. तेही नको, धुळीचा राप बसतो आणि उन्हात खवट वास सुटतो. सिलिकॉन मिळेपर्यंत काही लावायचंच असेल तर मेडिकलमधलं ग्लिसरीन चालेल. ते ईपीडीएमला इजा करत नाही, फक्त पाण्याने निघून जातं.

बदलायची वेळ कधी येते? रबर फाटलं असेल, दाबल्यावर परत फुगून वर येत नसेल, किंवा पावसात पाणी आत येत असेल तेव्हा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडी अडखळत यायला हवी. एखाद्या जागी सहज सटकली तर तिथे दाब नाही. पण तेव्हाही आधी दार बिजागरीवर खाली बसलंय का ते बघून घ्या, कारण बसलेल्या दाराला नवी बीडिंग घालून उपयोग नाही. आणि बदलायचीच झाली तर त्या एका दाराची. चारही दारांची बदला असं कुणी म्हणालं, तर प्रत्येक दाराशी नेऊन दोष दाखवायला सांगा.

रविवारी सकाळी पावडरची चाचणी करून बघा आणि कोणतं दार निघालं, चकचकीत पट्टा कुठे दिसला, ते इथेच लिहा. जमल्यास उजेडात काढलेला फोटोही टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.