शिकागो विद्यापीठाच्या मॅन्सुएटो ग्रंथालयात पुस्तकंच कशी दिसत नाहीत?

आहेत ना, तुमच्या पायाखाली! वर दिसतो तो काचेचा लंबगोल घुमट आणि त्याखालचा वाचनकक्ष. हेल्मुट यान यांनी रचलेली ही इमारत २०११ मध्ये खुली झाली.

शेजारच्या रेगेन्स्टाइन ग्रंथालयात जागा पुरेना. अशा वेळी बरीच विद्यापीठं जुनी पुस्तकं लांबच्या गोदामात धाडतात, मग आज मागितलेलं पुस्तक उद्या-परवा हाती येतं. शिकागोने त्याऐवजी आवारातच सुमारे ५० फूट खोल, ३५ लाख ग्रंथ मावतील असं कोठार केलं.

गंमत म्हणजे तिथे पुस्तकं विषयवार नव्हे, आकारानुसार लावतात. एकाच मापाची पुस्तकं एका पेटीत. कुठलं कुठे आहे ते बारकोडमुळे संगणकाला ठाऊक. मागणी नोंदवली की यांत्रिक क्रेन नेमकी ती पेटी उचलून आणते, काम पाचेक मिनिटांचं. कपाटांमध्ये माणसांसाठी वाट सोडायची नसल्याने जागा प्रचंड वाचते.

मला खटकतं ते एवढंच, की शोधायला जावं एक आणि शेजारचं भलतंच पुस्तक हाताला लागावं, ही मजा इथे नाही. त्यासाठी रेगेन्स्टाइनची उघडी कपाटं आहेत, आणि तिथे आतूनच जाता येतं.