विंडोजमधला ‘कॉम ३’ लिनक्समध्ये आणि मॅकवर कोणत्या नावाने शोधावा?

सर्व प्रणालींतील सिरियल पोर्टची (वजनकाट्यासारखी यंत्रे संगणकाला जोडण्याच्या जागेची, जिला विंडोज ‘कॉम’ म्हणते) नावे समोरासमोर मांडलेला तक्ता आपण मागितला आहे. असाच एक तक्ता एका साखर कारखान्याच्या काटाघरात भिंतीला चिकटवलेला होता आणि त्याने मला पुरता मनस्ताप दिला, म्हणून हे उत्तर लिहितो. तक्ता खोटा नाही, पण तो मदरबोर्डवरील पोर्टांपुरताच खरा आहे: कॉम १ म्हणजे लिनक्समधील टीटीवायएस ०, कॉम २ म्हणजे टीटीवायएस १ आणि या हिशोबाने कॉम ३ म्हणजे टीटीवायएस २. आपला पोर्ट यूएसबी कन्व्हर्टरचा (यूएसबी सॉकेटातून सिरियल पोर्ट देणाऱ्या जोडणीचा) असेल, आणि आजकाल बहुधा तोच असतो, तर विंडोजमधील ३ या आकड्याचा लिनक्सशी काडीचाही संबंध नाही. तेथे सीएच३४० किंवा एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी ० म्हणून दिसतो, मूळ आर्डुइनो उनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड टीटीवायएसीएम ० म्हणून दिसतो, आणि शेवटचा आकडा जो आधी सापडेल त्याला आधी मिळतो.

त्या काटाघरात लिनक्सच्या एकाच संगणकाला दोन वजनकाटे जोडलेले होते, एक भरलेल्या गाडीचा आणि दुसरा रिकाम्या गाडीचा. मी चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक असलेले कन्व्हर्टर मागितले होते. परंतु ‘पोर्ट तो पोर्ट, वीस वर्षे मी कॉम १ वापरतो आहे, त्याने कधी नाव बदलले नाही’ असे सांगून आमच्या विभागप्रमुखांनी सीएच३४० चे स्वस्त कन्व्हर्टर आणवले आणि तक्त्यात टीटीवाययूएसबी ० समोर ‘भरकाटा’ असे स्वहस्ते लिहिले. ऐन हंगामात एका रात्री वीज गेली आणि आली. वाचन अडकले म्हणून ऑपरेटरने दोन्ही कन्व्हर्टर काढून पुन्हा त्याच सॉकेटांत बसवले. फक्त आधी दुसरा बसवला आणि मग पहिला. पहाटे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर भरकाट्यावर उभा राहिला, बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर २४,३६० किलो आले आणि पावतीवर भरवजन छापले गेले ७,८४० किलो, कारण त्याच वेळी शेजारच्या काट्यावर एक रिकामी गाडी उभी होती. ऊसवाल्याने पावती दिव्याखाली धरून दोनदा वाचली आणि मग ‘काटामारी’ हा शब्द उच्चारला. तो शब्द काटाघरासमोर उच्चारला गेल्यावर काय होते, हे ऊसपट्ट्यातील वाचकांना सांगायला नको. गाड्यांची रांग थांबली आणि मला झोपेतून उठवून नेण्यात आले. डीमेसेजच्या, म्हणजे लिनक्स स्वतः ठेवते त्या उपकरणांच्या नोंदींत दोन्ही कन्व्हर्टरांचा उलटलेला क्रम दहा मिनिटांत दिसला. तरीही दुसऱ्या दिवशीच्या अहवालात ‘सॉफ्टवेअरमधील दोष’ असेच लिहिले गेले, आणि सॉफ्टवेअर माझे होते.

लिनक्समध्ये अशा क्रमवार नावावर विसंबून प्रोग्रॅम लिहूच नये. डेव्ह फोल्डरमध्ये सिरियल नावाचा फोल्डर असतो. त्यातील बाय-आयडीमध्ये चिपचा अनुक्रमांक गुंफलेली, कायम टिकणारी नावे मिळतात. माझी गंमत अशी झाली की सीएच३४० ला अनुक्रमांकच नसल्यामुळे दोन्ही कन्व्हर्टरांचे तेथील नाव एकच होते, आणि त्यामुळे दोघांपैकी एकच दिसत होता. अखेर सॉकेटावरून नाव देणारा बाय-पाथ वापरला आणि सॉकेटांना लाल व निळी टेप लावली. विंडोजमध्येही दुखणे तेच आहे: अनुक्रमांक असलेला कन्व्हर्टर कोणत्याही सॉकेटात लावला तरी आपला कॉम क्रमांक राखतो, नसलेला सॉकेट बदलताच नवा क्रमांक घेतो. म्हणूनच काही संगणकांवर कॉम १७ पाहायला मिळतो. क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमधून बदलता येतो.

मॅकवर एकाच केबलची दोन नावे दिसतात, त्यांपैकी ‘सीयू’ने सुरू होणारे घ्यावे. ‘टीटीवाय’ने सुरू होणारे नाव समोरून कॅरिअरचा, म्हणजे पलीकडचे यंत्र जोडलेले असल्याचा संकेत येईपर्यंत उघडण्याची वाट पाहत बसते, आणि तीन तारांच्या केबलीत तो संकेत कधीच येत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. लिनक्समध्ये पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली गेली, तर आपले खाते डायलआउट गटात घालावे लागते. उबुंटू आणि डेबियनवर गटाचे नाव हेच आहे. आणि एकाच कन्व्हर्टरचे काम असेल तर सीएच३४० मध्ये काहीही वाईट नाही, माझ्याही टेबलावर एक आहे. दोन लागणार असतील तर मात्र ‘सगळे सारखेच असतात’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका, मग तो दुकानदार असो की विभागप्रमुख. दोन्ही एकदम लावून बाय-आयडी उघडा, आणि दोन नावे दिसली नाहीत तर दोन्ही परत करा.